बाबांना न उघडणारं कुलूप

दादाने फोनवर निकाल देऊन टाकला. रविवारपर्यंत गाडीच्या स्टिअरिंगला बाबांना उघडता येणार नाही असं कुलूप लागलं तर ठीक, नाहीतर सोमवारी तो गाडी विकायला काढणार. गाडी म्हणजे बाबांची कॅम्पर व्हॅन, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आत दोन माणसांचा पलंग, दोन शेगड्या आणि आईने शिवलेले पडदे. दादा पाचशे किलोमीटर लांब राहतो. तिथून सगळं सोपंच दिसणार, असं मी त्याला सुनावलं आणि फोन ठेवला.

खरं तर त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. गेल्या गुरुवारी बाबा दूध आणायला म्हणून व्हॅन घेऊन गेले आणि संध्याकाळी सत्तर किलोमीटरवरच्या एका पेट्रोल पंपावर सापडले. बायको हात धुवायला आत गेलीय, आली की निघतो, असं त्यांनी पंपावरच्या माणसाला तीनदा सांगितलं होतं. आईला जाऊन चार वर्षं झाली.

किल्ली लपवून उपयोग नव्हता. बाबांनी एकेचाळीस वर्षं कुलपांचीच कामं केली. सकाळी जेवलो की नाही हे ते विसरतात, पण त्यांचे हात काही विसरत नाहीत. मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर दुपारपर्यंत त्यांनी नुसत्या आठवणीवरून दुसरी घासली आणि माझ्याच हातात ठेवली. तुझी हरवलेली दिसते, म्हणाले.

तेव्हा मी त्यांनाच दुकानात न्यायचं ठरवलं. बाबांना कोणतं कुलूप उघडत नाही हे तपासायला बाबांशिवाय दुसरा माणूस नव्हता. हल्ली जुन्या गाड्या चोरीला जातात, एक चांगलं कुलूप बघू, अशी थाप मी मारली. ते बरं म्हणाले आणि आपल्या बारीक हत्यारांची पुडी खिशात टाकली. व्हॅन मी चालवली. प्रत्येक गिअरला माझं काय चुकलं ते त्यांनी शेजारी बसून सांगितलं.

दुकानदाराने काउंटरवर नमुन्याचं स्टिअरिंग बसवलेलं होतं. पहिल्यांदा त्याने आडवा दांडा काढला, दोन्ही टोकांना हूक असलेला. बाबांनी तो हातातही घेतला नाही. आमचं स्टिअरिंग बसच्या स्टिअरिंगएवढं आहे, म्हणाले, हा पुरायचा नाही. मग स्टिअरिंगपासून पेडलपर्यंत जाणारी लांब सळई आली. दुकानदार गॅरंटीबद्दल सांगत होता. त्याचं वाक्य संपायच्या आत बाबांनी सळई उघडून त्याच्यासमोर ठेवली. तिसरं होतं अख्खं स्टिअरिंग झाकणारं लोखंडी ताट. दुकानदाराने चहा मागवला आणि खुर्ची दिली. बाबांनी आधी ताट उघडलं, मग चहा घेतला. शेजारी तेच ताट विकत घ्यायला आलेल्या बाईंनी आपलं गुपचूप फळीवर ठेवून दिलं.

"काका, चोर काही एवढे हुशार नसतात," दुकानदार म्हणाला.

"चोर कसा आहे ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

मी चहात बघत राहिले. माझ्या लक्षात आलं की थाप घरातच पकडली गेली होती, आणि तरीही ते मुकाट्याने आले होते. मला रडू येणार होतं, पण दुकानदार आधीच हवालदिल झाला होता, त्यात आणखी भर नको.

त्याने शेवटचं कुलूप काढलं. किल्लीच नव्हती, चार आकडे जुळवायची चार चाकं होती. बाबांनी ते कानाशी धरलं, डोळे मिटून एकेक चाक फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून. चहा गार झाला, दुकानदार उभा राहिला, मी मनातल्या मनात त्यांना उघडू दे म्हणत होते आणि उघडू नये असंही म्हणत होते. शेवटी त्यांनी कुलूप काउंटरवर ठेवलं आणि हत्यारांची पुडी नीट गुंडाळून खिशात घातली.

"हे काही बोलत नाही," ते म्हणाले. "हेच घे."

आकडे लावायचे कसे ते दुकानदाराने मला दाखवलं. बाबा उठले आणि आमच्याकडे पाठ करून दारापाशी जाऊन उभे राहिले. समोर रस्त्याकडेला व्हॅन होती, पडदे ओढलेले. मला चार आकडे शोधावे लागले नाहीत, ते आपोआपच बोटांत आले. दोन चाकं लावून झाली.

"तुझ्या आईचा वाढदिवस लावू नकोस," बाबा न वळता म्हणाले. "तो मला पाठ आहे."

मी दोन्ही चाकं परत शून्यावर आणली.