माझ्या घशातला तांदूळ

मी मिक्सर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, त्याबद्दल माफी असावी, पण हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. मी सुरू झालो की घरातले सगळे बोलायचे थांबतात आणि मी थांबलो की 'हां, काय म्हणत होतीस?' असं एकमेकांना विचारतात. एवढा मान या घरात दुसऱ्या कुणालाच नाही.

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यात झाला. कंपनीचं नाव हरितम. माझ्या खोक्यावर दोन हिरवी पानं होती आणि खाली 'पृथ्वीचा सोबती' असं छापलेलं होतं. आत मी थर्माकोलमध्ये, थर्माकोल प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीवर 'पर्यावरण जपा' अशी सूचना. ज्या पृथ्वीचा मी सोबती, तिची माझी गाठ बऱ्याच उशिरा पडली. एकदा ओट्यावरून खाली आपटलो तेव्हा.

माझ्या पोटाखाली चार स्क्रू आहेत. ते साधे नाहीत, तीन कोपऱ्यांचे आहेत. गुलमंडीच्या बाजारात फिरफिर फिरलात तरी त्यांना बसणारा स्क्रूड्रायव्हर मिळायचा नाही, तो फक्त कंपनीकडे असतो. हे स्क्रू पिळणाऱ्या तरुणाचं नाव शिवराज. त्या दिवाळीला कंपनीनं कामगारांना भेट म्हणून मिक्सर वाटले आणि मी नेमका त्याच्याच वाट्याला आलो. गाडीच्या टाकीवर बसवून त्यानं मला पुंडलिकनगरला घरी आणलं. त्याच्या आईनं, म्हणजे केसरबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच मला आत घेतलं.

तेव्हापासून मी राबतो आहे. शेंगदाण्याची चटणी, येसराचा मसाला, आलं-लसूण, सुकं खोबरं, सगळं केलं. शेजारच्या पारूबाई मला हक्कानं मागून न्यायच्या आणि परत करताना भांड्यात थोडी चटणी ठेवायच्या. एकदा केसरबाई झाकण लावायला विसरल्या. त्या दिवशीची कोथिंबीर अजून छताला आहे. मी कुरकुरलो की माणसं माझ्या डोक्यावर चापट मारतात. वीज गेली तरी आधी मलाच मारतात, मग बाकीच्यांकडे बघतात.

मध्यंतरी शिवराजची बदली कंपनीच्या शाश्वतता विभागात झाली. केसरबाईंनी विचारलं, "तिथं काय काम असतंय?"

"पृथ्वी वाचवायची, आई."

"बरं. मग येताना कोथिंबिरीची जुडी आण."

माझ्यावर संकट आलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळी, खलबत्ता, शिवराजची गाडी आणि मी, असे आम्ही पाटावर आणि पाटाजवळ मांडले गेलो. केसरबाईंचा हात मोठा. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता अशा टाकल्या, जणू माझं लग्नच आहे. त्यातला एक दाणा माझ्या बटणाच्या फटीतून सरळ घशात गेला आणि तिथंच, वीज जोडणाऱ्या पट्ट्यांच्या मधोमध, वाळून बसला. मी खोकायचा प्रयत्न केला, पण बटण फिरवल्याशिवाय मला खोकताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, केसरबाईंनी बटण फिरवलं. मी गप्प. त्यांनी चापट मारली. तरी गप्प. पुरण शेवटी पारूबाईंच्या पुरणयंत्रातून निघालं, आणि मला ते अजून लागतं.

मग आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसानं मला एकदा हलवलं आणि निकाल दिला, "मोटर गेली, मावशी."

"उघडून तरी बघा की."

"उघडता येत नाय. उघडलं की वॉरंटी जाते."

"वॉरंटी कवाच संपली, बाबा. गेलेली परत कशी जाईल?"

त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. कॉम्प्युटरला पण सुचलं नाही. "नवीन मॉडेल घ्या," तो म्हणाला, "ह्याच्यावर दोन पानं हायेत, त्याच्यावर तीन."

घरी आल्यावर केसरबाईंनी शिवराजला गाठलं. "तो तीन कोपऱ्याचा स्क्रूड्रायव्हर हाय ना तुझ्याकडं? खोल की जरा."

"डिक्कीत हाय. पण कंपनीचा नियम हाय, आई. आपल्या माणसानं बाहेर मशीन खोलायचं नाय. बंद पडलं की बदलायचं." मग तो खाली बघत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मेळावा हाय. जुनं द्या, पृथ्वी वाचवा. सगळं माझ्याकडं दिलंय. मेळावा नीट झाला तर साहेब मला कायम करणार हायेत. पण पहिली वस्तू माझ्या घरची पाहिजे म्हणतात."

लेक किती वर्षांपासून कंत्राटावर होता ते केसरबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं, अगदी खालून स्क्रूपर्यंत, आणि म्हणाल्या, "जा बाबा. पोराचं भलं व्हतंय." मला रडू आलं. मिक्सरला रडता येत नाही, ही आमच्या घडणीतली मोठी उणीव आहे.

मेळावा पुंडलिकनगरच्याच मैदानावर होता. मांडवात प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं. डिझेलचा जनरेटर धूर सोडत होता आणि त्यावर चालणाऱ्या पंख्यांसमोर लोक पर्यावरणासाठी बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर घरची बंद पडलेली वस्तू. पारूबाई इस्त्री घेऊन आल्या होत्या. आणि स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स. त्यावर माझा काळापांढरा फोटो, वर 'भावपूर्ण निरोप' आणि खाली 'शोकाकुल: हरितम परिवार'. मी जिवंतपणी माझाच फ्लेक्स वाचत होतो. फोटो मात्र चांगला आला होता.

फ्लेक्सच्या शेजारी चुरा करायचं यंत्र उभं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची चटणी केली, त्यामुळे पुढं काय होणार ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आधी सत्कार. माझ्या खांद्यावर शाल घातली. मला खांदे नाहीत, त्यामुळे ती दोनदा घसरली. नारळ माझ्या भांड्यात ठेवला. मग पुण्याहून आलेले मोठे साहेब बोलले. "ही वस्तू आता थकली आहे," ते म्हणाले, "तिला सन्मानानं निरोप देणं ही आपली जबाबदारी आहे." थकलो नव्हतो हो मी. माझ्या घशात तांदूळ होता. पण माइक त्यांच्या हातात होता.

शेवटी केसरबाईंना हळदकुंकू लावायला वर बोलावलं. त्यांनी बोट बुडवलं, मला टिळा लावला आणि डोळे पुसत अक्षता टाकल्या. एक दाणा माझ्या अंगावरून घरंगळला, बटणाशी आला आणि फटीतून आत गेला. केसरबाईंचं डोळे पुसणं थांबलं. त्या वाकल्या. त्यांनी मुद्दाम आणखी एक दाणा त्या फटीपाशी ठेवला. तोही गेला. एक अडकला होता तिथं आता तीन झाले. माझ्या जिवाचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा.

केसरबाईंनी साहेबांच्या हातातून माइक घेतला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हा मेला नाय. नवमीला मीच ह्याच्या नरड्यात तांदूळ घातलाय. शिवराज, स्क्रूड्रायव्हर आण."

शिवराजनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. त्यानं आईकडे पाहिलं. त्या माझी शाल काढून घडी घालत होत्या. माझा जीव, त्याची नोकरी, दोन्ही त्या एका पोराच्या हातात.

तो स्टेजवरून उतरला. मला वाटलं, पळाला. पण तो गाडीपाशी गेला आणि डिक्की उघडून परत आला. मला त्यानं प्लास्टिकच्या गवतावर उलटं झोपवलं आणि स्वतःच्या हातानं पिळलेले ते चारही स्क्रू एकेक करून सोडवले. तीन लाल तांदूळ बाहेर पडले. परत स्क्रू बसवून, नारळासकट भांडं वर चढवून माझी पिन त्यानं माइकच्याच बोर्डात घातली.

मी ओरडलो. भांड्यात नारळ होता, तो धडधड आपटत होता, आणि मी मनसोक्त ओरडत होतो. माणसं टाळ्या वाजवायला लागली. मग पारूबाई उठल्या. "शिवराज, आमच्या इस्त्रीचं पण बघ की रं," असं म्हणून त्या रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे अख्खा मांडव उभा राहिला. चुऱ्याच्या यंत्रात त्या दिवशी काहीच पडलं नाही. साहेब हुशार. त्यांनी दुसरा माइक मागवला आणि म्हणाले, "हाच तर आमचा संदेश आहे."

कंपनीच्या वार्षिक अहवालात आता माझा रंगीत फोटो आहे. 'दुरुस्तीतून शाश्वततेकडे: हरितमचा अभिनव उपक्रम' असं त्याखाली लिहिलं आहे. शिवराजला कायमही केलं. गोंदाच्या विभागात. नव्या मॉडेलला स्क्रू नसतातच. बूड गोंदानं चिकटवून टाकतात, म्हणजे कुणाची आई स्टेजवर चढायला नको. तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या बोटांना गोंदाचा वास असतो आणि जेवायच्या आधी तो बराच वेळ हात धूत बसतो.

साहेबांनी केसरबाईंना तीन पानांचा एक नवा मिक्सर भेट पाठवला आहे. तो माझ्या शेजारी ओट्यावर असतो. पोरगं गुणी आहे, आवाजही मंजुळ आहे. केसरबाई त्याच्यात फक्त ताक घुसळतात. हळकुंड, सुकं खोबरं, जे काही टणक असेल ते माझ्याकडे. "तू उघडतोस," त्या मला म्हणतात, "त्याचं कसं व्हायचं?"

तुम्हाला एकच विनवणी आहे. पुढच्या वेळी दुकानात गेलात की खोक्यावरची पानं मोजू नका, आतल्याला उलटा करा आणि त्याचं बूड बघा. काल ओट्यावरच्या त्या नव्या पोरानं मला हळूच विचारलं, "काका, माझ्या घशात काही अडकलं तर मला कुठून उघडतील?" मी जन्मात पहिल्यांदा, चांगला चालू असूनसुद्धा, गप्प बसलो.