चौथं प्रकरण आणि पाचवी बाई

अगं, तू आधी ऐक तर! मध्ये बोलू नकोस, माझी लिंक तुटते. आमची चिमणी आठवते ना, पीएचडीवाली? ती कशी अडकलीये, सांगते.

तिचा विषय काय, तर घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या बायका. आकडे-बिकडे नाहीत, नुसत्या मुलाखती. बाईसमोर बसायचं, तिला बोलू द्यायचं, शब्दन् शब्द उतरवायचा आणि त्यातून अर्थ काढायचा. पण बायका मन मोकळं करतील तर शपथ! "आपलंच माणूस आहे, करायलाच हवं," की संपलं. गाईड मॅडम म्हणाल्या, "सगळं गुळमुळीत आहे गं. एक तरी बाई खरं बोलणारी आण."

मग काय, चिमणीनं घरी जाऊन वहिनीसमोरच रेकॉर्डर ठेवला. चिमणीच्या बाबांना अर्धांग झालंय. जीभ जड, पण कान एकदम तिखट. त्यांचं सगळं वहिनीच करते. "तुझं नाव कुठेही येणार नाही," म्हटल्यावर वहिनी जी सुटली! म्हणाली, "दुपारी मी मिक्सर लावते. रिकामाच. त्यांची हाक ऐकू येऊ नये म्हणून. तेवढा वेळ ओट्याला टेकून नुसती उभी राहते."

मॅडम खूश! चौथं प्रकरण, म्हणजे मुलाखतींतून हाती काय लागलं ते, अख्खं त्या मिक्सरवर उभं राहिलं. वहिनी झाली 'सहभागी क्रमांक पाच'. आता नियम असा, की तिसऱ्या प्रकरणात, काम कसं केलं ते सांगतात ना, तिथे कोणाशी आपलं नातं असेल तर तेही लिहायचं. चिमणीनं ते गिळलं, लिहिलंच नाही. नातं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच, नाही का?

आणि आली शेवटची तोंडी परीक्षा. ती खुली असते, कोणीही येऊन बसावं. दादानं हौसेनं सुट्टी काढली, बाबांना कडक इस्त्रीचा शर्ट चढवला आणि चाकाची खुर्ची ढकलत थेट पहिल्या रांगेत! शेजारी वहिनी, मांडीवर बाबांचा रुमाल. मिक्सरची स्लाईड चिमणीनं सर्रकन पुढे ढकलली. पण बाहेरून आलेले परीक्षक कसले सोडतात!

"थांबा, थांबा. त्या मिक्सरवाल्या बाई. तेवढं वाचून दाखवा बरं."

वाचलं बिचारीनं. बाबा आधी तिच्याकडे बघत होते. मग हळूच मान वळवून वहिनीकडे. वहिनी रुमालाची घडी घालतेय, उलगडतेय, परत घालतेय.

"फारच मोकळं बोलल्यात," परीक्षक म्हणाले. "तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

'हो' म्हणावं तर भर सभेत वहिनी मेली. 'नाही' म्हणावं तर धडधडीत खोटं. 'नंतर सांगते' म्हणावं तर ते 'हो'च झालं की! 

"नाही सर."

"छान. मग एकही सहभागी नात्यातली नाही, एवढं वाक्य तिसऱ्या प्रकरणात घाला आणि सही करून सोमवारी द्या. पदवी पक्की!"

टाळ्या गं! दादा तर शिट्टीच मारणार होता.

घरी आल्यावर चिमणी स्वयंपाकघरात शिरली. "वहिनी, मी ते सगळं काढूनच टाकते. चौथं प्रकरण कोसळलं तर कोसळू दे."

"खबरदार!" वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं ऐकून घेतलंय, ते पुसतेस काय? आणि ते वाक्य खुशाल लिही. नाहीतरी मी तुमच्या नात्यातली कधी होते? कामातली होते."

बाहेर बाबा तोंड भिंतीकडे करून पडलेले. त्या दिवसापासून ते हाकच मारत नाहीत गं. पाणी हवं असलं तरी नाही. दादा म्हणतो, "बाबा किती शांत झालेत!"

आज शनिवार. चिमणी माझ्याच खोलीत बसलीये, लॅपटॉप उघडा, तिसरं प्रकरण समोर. वाक्य लिहिते, खोडते, परत लिहिते. खरं लिहिलं तर पदवी जाते आणि वहिनी उघडी पडते, खोटं लिहिलं तर वहिनी परकी होते, आणि काढून टाकायला तर वहिनीच देत नाही. मला विचारते, मी काय सांगू, कप्पाळ! तू सांग ना, तू असतीस तर काय केलं असतंस?