सोनलच्या तारांगणात

तारांगणात मी गेले ती नाही म्हणायला. माझी नात सोनल गोदामात कॉम्प्युटरवर बसते. पक्की नोकरी. ती सोडून आता लोकांना तारे दाखवणार म्हणे. तारांगणाच्या साहेबांना उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं. मुलगा-सून गप्प, कारण आमच्या कामतघरच्या घरात शेवटचा शब्द माझा. सोनल म्हणाली, तिथं माझा चाचणीचा खेळ आहे, आधी येऊन बघ, मग नाही म्हण.

गेले. तारांगण संग्रहालयाच्या आतच, शेवटी. पहिल्या दालनात देवमाशाचं हाड, आमच्या दारापेक्षा उंच. फुलपाखरं अशी टाचलेली की फुंकर मारली तर उडतील. पुढं काचेत जुनी खापरं. एकावर घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा, दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि बोट माझ्याएवढंच. बाईचंच असणार. पुरुष एवढं निगुतीनं काही करत नाही.

मग तारांगणाचा पांढरा घुमट. थेट स्तूपासारखा. मी विहारात काढते तशा दारात चपला काढल्या आणि हात जोडले. माझं बघून मागचीनं काढल्या, तिच्या मागच्यांनीही. चपलांचा ढीग झाला. रखवालदार खेकसला, साहेब बाहेर आले. मला वाटलं, आता ही पोर मला ओळख दाखवत नाही.

सोनलनं ढिगाकडे पाहिलं आणि स्वतःचे बूट काढून त्यात ठेवले.

"साहेब, ही माझी आजी. आज सगळ्यांना अनवाणीच बसू द्या."

साहेबांनीही काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक. एवढा शिकलेला माणूस.

आत अंधार झाला आणि आभाळ उघडलं. लहानपणी अकलोलीला पाहिलेले, भिवंडीच्या धुरानं खाल्लेले सगळे तारे परत आले. आणि अंधारातून सोनलचा आवाज. पुस्तकात हे सप्तर्षी, ती सांगत होती, पण माझी आजी ह्याला म्हातारीची बाज म्हणते. हे चार खूर आणि मागचे तिघे बाज पळवणारे चोर. पोरं खिदळली. गडीमाणसंसुद्धा माना वर करून गप ऐकत होती. घरात जेवताना चार शब्द न बोलणारी माझी नात! मी डोळे पुसले. अंधारात कोण बघतंय.

बाहेर आल्यावर तिनं ढिगातून माझ्या चपला शोधून समोर ठेवल्या.

"गोदामात फोन कर, येत नाही म्हणून," मी म्हणाले. "घरी मी सांगते. विचारत नाहीये, सांगते."