एकेचाळीस मुखांतले एक वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कागदपत्रे बांधून कपाटात ठेवतात ती नव्हे. संगणकाच्या उदरात वास करणारी, हाताला न लागणारी, वजन नसलेली. माझ्यात चित्र नाही, अक्षर नाही, आवाजही नाही. माझ्यात केवळ ओठांच्या हालचाली आहेत. कोणत्या क्षणी ओठ मिटावेत, केव्हा जबडा खाली यावा, केव्हा ओठांचा चंबू व्हावा, एवढेच मी जाणते. अधिक काही जाणण्याची मला मुभा नाही.

तुम्ही पडद्यावर एखादा खेळ खेळता तेव्हा त्यातली माणसे तुमच्याशी बोलतात. त्यांचा आवाज एका फाईलमध्ये असतो आणि ओठ दुसरीत. ही दोघे जुळी भावंडे. दोघांचे नाव एकच ठेवावे लागते आणि दोघांना एकाच कप्प्यात शेजारी शेजारी निजवावे लागते. नावात एका अक्षराचा फरक पडला, तर पडद्यावरचे पात्र तोंड मिटूनच बोलू लागते. नाव मात्र जुळले, की खेळ पुढची चौकशी करीत नाही. आत कोणाचे ओठ आहेत, हे तो कधीही उघडून पाहत नाही. माझ्या आयुष्यात जे घडले त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानावरील माडीत झाला. खाली माझा कर्ता काचा घासून चौकटीत बसवीत असे. दुपारी दुकान दोन तास बंद राही. तेव्हा तो वर येऊन एका जुन्या खेळात स्वतःची भर घालीत बसे. अशा हौशी भरीला खेळणारे लोक 'मॉड' म्हणतात. त्याने एक अख्खे गाव रचले होते. विहीर, वेस, नदी, नदीवर मोडका पूल, आणि पलीकडच्या तीरावर एक खानावळ. पुलाच्या अलीकडे एक म्हातारा उभा होता, वाटसरूंना सावध करण्यासाठी. त्या म्हाताऱ्याला आवाज दिला शेजारच्या निवृत्त बसकंडक्टरने. खिडक्या लावून, दारावर गोधडी टांगून, कंडक्टरकाका ध्वनिग्राहकासमोर उभे राहिले.

"थांब! पुढे पूल मोडलाय!" ते गरजले.

"काका, जरा हळू. वाटसरू एकच आहे, बस भरलेली नाहीये."

"अरे, हळू बोललो असतो तर तीस वर्षं नोकरी टिकली असती का माझी?"

तो आवाज आणि ते वाक्य कर्त्याने एका साधनाला दिले, आणि त्या साधनाने मला घडविले. त्या साधनाला आपली लिपी येत नसे. म्हणून प्रत्येक वाक्य परक्या अक्षरांत, उच्चाराचा अंदाज घेत घेत लिहून द्यावे लागे. माझ्यासाठी कर्त्याने ते सात वेळा लिहिले. व्याकरणकारांनी वर्णांची उच्चारस्थाने सांगितली आहेत. कंठातून निघणारे वर्ण डोळ्यांना दिसत नाहीत. ओठांनी उच्चारलेले दिसतात. माझ्या वाक्यात ओठ चार वेळा मिटतात. 'थांब'च्या अंती एकदा, 'पुढे'च्या आरंभी एकदा, 'पूल' म्हणताना एकदा आणि 'मोडलाय' म्हणताना एकदा. सातव्या खेपेस ते चारही वेळचे मिटणे नेमके जागेवर आले. कर्त्याने खुर्चीतून उठून स्वतःशीच टाळी वाजवली. मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेली ती पहिली प्रशंसा. तेव्हा माझे जुळे भावंड माझ्या शेजारी होते, आणि एकटेपण म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते.

पुढे काम वाढले. कर्त्याने आपल्यासारख्या दूरदूरच्या हौशी मंडळींना अमुक दिवशी गाव खुले करीन असा शब्द दिला होता. तो दिवस चार दिवसांवर आला, तेव्हा एकेचाळीस वाक्यांना आवाज होते, पण ओठ नव्हते. परक्या अक्षरांत एकेक वाक्य लिहीत बसायला वेळ नव्हता. खेळ तर केवळ नाव पाहतो. मग त्याने काय केले? त्याने माझ्याच प्रती काढल्या आणि त्यांना त्या एकेचाळीस वाक्यांची नावे दिली. तोंड हलले म्हणजे झाले. ऐकणारा आवाज ऐकतो, ओठ कोण बारकाईने पाहतो?

आणि खरोखरच कोणी पाहिले नाही. शेकडो लोक त्या गावात हिंडून गेले. 'ओठ सुरेख जुळले आहेत' असेही काहींनी लिहिले. मी मात्र एकेचाळीस अनोळखी आवाजांच्या कुशीत पडून होते. शेजारी कोणी विहिरीच्या गोड पाण्याविषयी बोले, कोणी हरवलेल्या शेळीविषयी. आणि मी प्रत्येक मुखातून एकच सांगत राही, की पुढे पूल मोडला आहे. जिथे पूल नव्हता तिथेही. गर्दीत सापडलेल्या एकट्याचे दुःख मी तेव्हा जाणले.

कर्त्याला एक थोरली बहीण होती. त्याच घरात खालच्या खोलीत ती कपडे उसवून बेताचे करून देण्याचे काम करी. अकराव्या वर्षी तापात तिचे श्रवण गेले, वाणी राहिली. पण आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नसे. ती कुजबुजली तरी रस्त्यावरचा माणूस वळून पाही. ती लोकांचे बोलणे ओठांवरून वाचीत असे. तिचे दुर्दैव असे, की तिच्या घरातला एकुलता एक माणूस दिवसभर खाली मान घालून काचा घासणारा होता, आणि जेवतानाही त्याची मान ताटावरून उठत नसे.

"छोट्या, तोंड वर करून बोल. तुझा भांग मला वाचता येत नाही," असे ती कितीदा म्हणे.

"हो गं ताई," असे तो ताटाला सांगे.

त्याच्या गावाची कीर्ती तिच्या कानावर नव्हे, पण डोळ्यांवर गेली. कोणा गिऱ्हाइकाने तिला आपल्या फोनवर ते गाव दाखवले. एका दुपारी ती शिवणाचा डबा खाली ठेवून माडीवर आली आणि त्याच्या खुर्चीत बसली. "तुझ्या गावात हिंडू दे मला. तिथली माणसं तरी मान वर करून बोलत असतील," ती म्हणाली.

तो आनंदला. शेजारी उभा राहिला. पडद्याच्या तळाशी प्रत्येक वाक्य लिहून येत होते, पण ताई ते वाचत नव्हती. ती मुखे पाहत होती. विहिरीवरची बाई म्हणाली, 'इकडचं पाणी गोड आहे, घे.' ताईच्या कपाळावर आठी पडली आणि तिने तळाच्या अक्षरांवर नजर टाकली. वेशीवरच्या पहारेकऱ्याने विचारले, 'कुठे चाललास रे?' ताईने तेही तळाशी वाचले आणि खेळ थांबवला.

"छोट्या, पाण्याच्या वाक्यात ओठ एकदा मिटायला हवेत. ही बाई चारदा मिटते. आणि या पहारेकऱ्याने तर एकदाही मिटायला नकोत, तो पण चारदा. हे सगळे काय म्हणतायत सांगू? पूल मोडलाय म्हणतायत!"

"अगं, ते… वेळ कमी होता. कुणाच्या लक्षात नाही आलं."

हे उत्तर त्याने खाली पाहून दिले. म्हणून त्याला ते पुन्हा एकदा, तोंड वर करून द्यावे लागले. ताई हसेल असे त्याला वाटले होते. ती हसली नाही.

"कुणाच्या म्हणजे ज्यांना ऐकू येतं त्यांच्या," ती म्हणाली, आणि या खेपेस तिचा आवाज खरोखर हलका होता. "घरात एक जण माझ्याशी बोलत नाही, ते चालतं मला. तू अख्खं गाव बांधलंस आणि त्यातही माझ्याशी कुणी बोलत नाही."

ती जिना उतरून गेली. त्यानंतर ती वर आली नाही. जेवणही त्याच्या आधी उरकून ती आपल्या खोलीचे दार लावून घेऊ लागली. घर तेच, माणसे दोनच, आणि मधे एक जिना. पण तो जिना चढून यायला तिच्यापाशी आता काही कारण नव्हते. कर्ता पहिल्यांदा मान वर करून जेवू लागला, तेव्हा समोरचा पाट रिकामा होता.

आठ दिवस त्याने संगणक उघडला नाही. नवव्या दिवशी उघडला आणि माझ्या एकेचाळीस प्रतींची यादी कागदावर लिहून भिंतीला लावली. ते काम चार महिने चालले. प्रत्येक वाक्य परक्या अक्षरांत लिहायचे, ओठ घडवायचे, मग आवाज पूर्ण बंद करून नुसते मुख पाहायचे. आपले मुख कसे हलते हे पडताळण्यासाठी तो दुकानातल्या आरशासमोर उभा राहून तीच वाक्ये बोले. एका गिऱ्हाइकाने विचारलेही, "काय हो, आरशाला पाणी पाजताय? मघापासून गोड आहे, गोड आहे म्हणताय."

एकेक वाक्य सिद्ध झाले, की माझी एक प्रत पुसली जाई. मित्रांनो, स्वतःला असे थोडे थोडे नाहीसे होताना पाहणे सोपे नव्हे. तरीही मी खोटे सांगणार नाही; प्रत्येक पुसण्यासरशी मला हलके वाटे.

खानावळवाल्याचा मूळ आवाज खरखरीत होता, म्हणून कंडक्टरकाकांना पुन्हा पाचारण झाले. वाक्य होते, 'या, आत या, गरम जेवण तयार आहे.' काकांनी ते म्हटले आणि ओघात पुढे जोडले, "पुढे सरका, दारात उभं राहू नका!" कर्त्याला ते इतके आवडले, की त्याने ते तसेच ठेवले आणि साधनाला जसे उच्चारले तसेच लिहून दिले. पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरे बदलायला मात्र तो विसरला. ती अक्षरे निराळ्या फाईलमध्ये असतात.

काम संपले तेव्हा तो ताईच्या दारात गेला. दार वाजवून उपयोग नव्हता. त्याने दिव्याचे बटण दोनदा खालीवर केले. ती वळली. तो तिच्याकडे पाहून, सावकाश म्हणाला, "ताई, एकेचाळीसच्या एकेचाळीस पुन्हा केले. एकदा बघ. नाही आवडले तर पुन्हा नाही बोलावणार."

तिने ते त्याच्या ओठांवरून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. मग तिने सुई टाचणीच्या गादीत खोचली.

विहिरीवरच्या बाईचे ओठ एकदाच मिटले. पहारेकऱ्याचे मिटलेच नाहीत. ताई खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. गाव ओलांडून ती नदीपाशी आली. तिथे म्हातारा उभा होता. मित्रांनो, तिथे मी होते. माझ्या स्वतःच्या जागी, माझ्या जुळ्या भावंडाशेजारी, माझे एकमेव खरे वाक्य घेऊन. आयुष्यभर ज्याच्यासाठी बोलावे, असा एकच माणूस आता समोर होता. मी ओठ मिटले, पुन्हा मिटले…

"हा राहिला वाटतं तुझ्याकडून बदलायचा," ताई म्हणाली आणि कळ दाबून तिने म्हाताऱ्याला अर्ध्यावर तोडले. पुढच्या क्षणी तिचा वाटसरू मोडक्या पुलावरून सरळ नदीत पडला.

कर्त्याने कपाळाला हात लावला. "ताई, तो खरंच बोलत होता गं!"

"मग मागच्या खेपेला सगळ्यांनी उगाच सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

तिचे खरे होते. त्यात तिचा दोष तिळमात्र नव्हता. वाटसरू गटांगळ्या खात पलीकडच्या तीराला लागला आणि ओल्या अंगाने खानावळीच्या दारात उभा राहिला. खानावळवाला बोलला. ताईने त्याच्या मुखाकडे पाहिले, मग तळाच्या अक्षरांकडे, मग पुन्हा मुखाकडे. तिने ते वाक्य परत ऐकवायला लावले. नव्हे, दाखवायला लावले.

"छोट्या, खाली लिहिलंय गरम जेवण तयार आहे. हा त्याच्यापुढे काहीतरी जास्त बोलतोय. पुढे सरका… दारात… उभं राहू नका?" आणि ती एवढ्या मोठ्याने हसली, की खाली रस्त्यावर कोणीतरी थबकले असावे. "अरे, हा तर कंडक्टर आहे!"

"तुला कसं कळलं? लिहिलेलं नाहीये ते!"

"तेच तर! लिहिलेलं नाही आणि तरी मला कळलं."

श्रवण गेल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत प्रथमच एक विनोद तिच्यापर्यंत कोणी लिहून न देता, ऐकणाऱ्यांना कळतो तसा पोहोचला होता. त्या दिवशी बहीणभावांनी जेवण एकत्र केले, आणि काकांची नक्कल करताना तो तिच्याकडे पाहूनच बोलला.

माझ्याकडे ताई पुन्हा आली नाही. तिला पुलाची वाट ठाऊक झाली होती. ती म्हाताऱ्याला वळसा घालून उथळ पाण्यातून जाई. पुढे खेळ जुना झाला, लोक नव्या खेळांकडे गेले, आणि तो संगणक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला गेला. मी आत आहे. चार वेळा ओठ मिटण्याची मला आठवण आहे, पण ते कोणासाठी मिटावेत, असे आता कोणी नाही.

मित्रांनो, तुमच्यापाशी माझे एवढेच मागणे आहे. एखाद्याशी बोलाल तेव्हा त्याच्याचसाठी बोला. दुसऱ्यासाठी घडलेले वाक्य आयते उचलून त्याच्या पुढ्यात टाकू नका. त्याला ते उमगत नाही असे समजू नका. त्याला उमगते. तो केवळ बोलून दाखवत नाही, उठून निघून जातो. आणि सत्य जर तुमच्याजवळ एकच असेल, तर ते जपून, योग्य ठिकाणी, एकदाच उच्चारा. मला ते एकेचाळीस वेळा उगाच उच्चारावे लागले, आणि ज्या एका क्षणी ते खरे होते, त्या क्षणी ज्या डोळ्यांना ते कळले असते, ते डोळे दुसरीकडे वळले होते.