बर्फ पडलाच नाही

बॅरीने फासे मुठीत घेतले, तेवढ्यात डंकनने हात वर केला.

"थांबा. बर्फ पडायला लागलाय. बॅरीची फौज आज पूल ओलांडू शकत नाही."

चर्चच्या हॉलमधल्या त्या लांब टेबलावर, दर रविवारच्या युद्धखेळात, शिशाचे सैनिक पुलाच्या दोन्ही तोंडांशी उभे होते. खेळातली मोहीम पंच म्हणून डंकन चालवत होता, म्हणजे हवापाणीही त्याच्याच हातात. पण आजवर त्याने एक नियम कसोशीने पाळला होता. एका लढाईचा निकाल पुढच्या लढाईला लागू, आणि मेलेला तो मेलाच.

एरवी एका फाशावरून हॉल डोक्यावर घेणारा बॅरी आज मुकाट्याने मान हलवून चहा ओतायला लागला. ते पाहून पुलापलीकडची फौज खेळणाऱ्या ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मे महिन्यात बर्फ?"

"डोंगराळ मुलूख आहे," डंकन नकाशाकडे बघत म्हणाला.

"माझ्या तोंडाकडे बघून बोल."

ती इस्पितळातून परतल्यापासून हेच चाललं होतं. तिचा फासा वाईट पडला की कुणीतरी टेबलाला धक्का लागल्याचं सांगून तो परत टाकायला लावी. आणि आज तर हद्द झाली. जखमींच्या गाड्या निसटाव्यात म्हणून तिने मोजक्या शिपायांना जाणूनबुजून पुलावर ठेवलं होतं. त्यांच्यात कॅप्टन रोवन होता, तिने स्वतः रंगवलेला, पहिल्या लढाईपासून तिच्याबरोबर असलेला. त्याला घालवायचं ठरवताना तिच्या जिवाचं पाणी झालं होतं. आणि हा दयाळू गृहस्थ वरून बर्फ शिंपडत होता!

"ती माणसं मरायला थांबली आहेत, डंकन. मी थांबवलंय त्यांना. तू त्यांचं हसं करतोयस."

"अगं, आधीच तुझ्यामागे एवढं लागलंय. म्हटलं, त्यात आणखी..."

"मला काय झालंय ते मला ठाऊक आहे. ह्या टेबलावर मी आजारी नाही!"

डंकनने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बर्फ पडला नाही," तो म्हणाला.

बॅरीने फासे टाकले. त्याला भरभरून दान पडलं. पुलावरचे शिपाई एकेक करून आडवे झाले. रोवनला ग्लेनिसने स्वतःच्या हाताने उचलून डब्यात ठेवलं. गाड्या तोवर पार निघून गेल्या होत्या.

बॅरी बिचकत तिच्याकडे बघत होता. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जुना खवचटपणा आला.

"पुढच्या रविवारी तुझी राजधानी जाळतो की नाही बघ, म्हातारे!"

पुढच्या रविवारबद्दल इतक्या खात्रीने तिच्याशी कित्येक महिन्यांत कोणी बोललं नव्हतं.

"ये की," ग्लेनिस म्हणाली. "वाट बघते."