राणीच्या दारचा पडदा

मी पडदा बोलतोय. खरं तर पडद्यानं बोलू नये. झाकावं, एवढंच त्याचं काम. पण आता मी कुणाच्या दारावर नाही, आणि ज्यांची गुपितं झाकली त्यांच्यातलं कुणी उरलंही नाही. तेव्हा बोलतो.

माझं बोलणं तुम्हाला जरा तिरकं वाटेल. त्याला इलाज नाही. ज्याच्या आडोशाला उभं राहून लोक आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकत आले, तो भोळा कसा राहणार? समोरून कुणी गोड हसलं की मी आधी त्याचे पाय बघतो. तोंडाला हसायची सवय असते. पायांना नसते.

पऱ्यांचं राज्य म्हटलं की तुम्हाला फुलं आणि चांदणं आठवेल. असेलही कुठे तसं. मी जन्मलो त्या खोलीत ओल्या सुताचा वास होता आणि खिडक्या पार छताला टेकलेल्या होत्या. मागावर बसलेल्या पऱ्यांच्या पाठीवर चामड्याचा पट्टा असे. पंख मिटून त्यावर करकचून आवळलेला. कष्टकऱ्याचं मूल रांगायला लागलं की त्याला पट्टा चढायचा, तो बहुधा सरणावरच उतरायचा. ‘मोकळा पंख, रिकामा हात’ अशी तिथे म्हणच होती. आया मुलांना पट्टा बांधताना ती म्हणायच्या. मला त्या म्हणीचा पहिल्यापासून संशय. स्वतःच्या लेकराचे पंख बांधणाऱ्या आईनं ती केली असेल, हे मला काही पटत नाही.

विणून झाल्यावर मला थोरल्या राणीच्या महालात नेलं, आणि दरबार व तिची खाजगी खोली यांच्या मधल्या दारावर टांगलं. गडद निळा, जाडजूड, जमिनीवर लोळणारा. माझ्या चुण्यांमध्ये उभं राहून कुणी कुणी काय काय ऐकलं, ते सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. कारभाऱ्याचा श्वास शिट्टीसारखा वाजे. खजिनदार उभ्या उभ्या डुलक्या काढी आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं चुकवी.

थोरल्या राणीला एकच लेक. ती माझ्यात लपाछपी खेळायची. तिला सांभाळायला एक दाई होती. विणकरांच्या घरची, उंच, कमी बोलणारी. महालातल्या नोकरांना पट्टा लावत नसत, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. पण दाईचा पट्टा सुटला तेव्हा फार उशीर झाला होता.

“दाई, तुझे पंख असे का गं? वाळक्या पानासारखे?” पोरीनं एकदा विचारलं.

“वापरले नाहीत, वाळले.”

“मग वापरायचे ना!”

दाई हसली आणि तिच्या केसांना तेल लावत राहिली. पोरगी मात्र हसली नाही.

थोरली राणी गेली आणि ही लेक गादीवर आली. वय कोवळं, पण हट्ट जुनाच. पहिल्याच दरबारात तिनं सांगून टाकलं, “आजपासून या राज्यात कुणाच्या पंखांवर पट्टा राहणार नाही. मोठ्यांच्या नाही, लहानांच्या नाही.”

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. मग एकानं टाळी वाजवली. तो तिचा सख्खा मामा, राज्याचा प्रधान. यानंच तिला खांद्यावर बसवून बागा दाखवल्या होत्या, सज्ज्यातून उडायला शिकवलं होतं. मामांनी टाळी वाजवली म्हटल्यावर सगळ्यांनी वाजवली. मला मात्र ती पहिली टाळी जरा लवकरच वाजल्यासारखी वाटली.

हुकूम निघाला खरा, पण पुढे सगळं घोडं अडलं. राणीचे तपासनीस एखाद्या कारखान्यावर गेले, की तिथे एकही पट्टा सापडायचा नाही. लोक मुकाट काम करताना दिसायचे. मालक हात जोडून म्हणायचे, “राणीसाहेबांचा शब्द म्हणजे आमचा श्वास!” तपासनीस परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी पट्टे परत पाठीवर.

जिथे पट्टे खरोखर सुटले, तिथे निराळंच संकट आलं. जन्मभर मिटलेले पंख उघडले, तरी उडायचं कसं हे कुणाला ठाऊक होतं? लोकांनी आनंदाच्या भरात छपरावरून उड्या घेतल्या. कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय. एका कुंभाराची म्हातारी आई तर गेलीच.

“बघ बाळ,” मामा तिच्यासमोर बसून हळहळत म्हणाले, “तुझं मन मोठं आहे. पण मोकळ्या पंखांनी माणसं मरतायत. जरा सबुरीनं घे.”

राणी त्या दिवशी जेवली नाही. पण तिनं हुकूम मागे घेतला नाही. तिच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता. कोणत्या कारखान्यावर तपासणी जाणार, हे ठरतं या खोलीत. मग बाहेर कळतं कसं?

तेव्हापासून आमच्या महालाची कळाच गेली. राणीनं पहारेकरी बदलले. दिवे लावणाऱ्या बिचाऱ्याला काही कारण नसताना घरी बसवलं. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि माझ्याकडे रोखून बघायची. मी हललो, तर वाऱ्यानं की कुणाच्या खांद्यानं, हे ओळखायला बघायची.

आणि माझ्या आड कुणीतरी उभं असायचंच. दाई. मामा आत बोलायला आले की ही अलगद येऊन माझ्या चुणीत शिरायची, श्वास धरून. इतर वेळी नाही, फक्त मामा असतानाच. मला वाटलं, सापडली घरभेदी! खाल्ल्या घरचे वासे मोजतेय. मी लाकडाच्या दांडीला टांगलेला, मला हात असते तर मीच तिला पुढे ढकललं असतं.

ते काम मामांनी केलं. एका दुपारी बोलता बोलता त्यांनी नुसती मान वळवली. “पडद्याखाली बघ जरा. हा तुझा घरचा मामला, मी मध्ये पडत नाही,” असं म्हणून ते दुसऱ्या दारानं निघून गेले.

राणीनं मला एका हिसक्यात बाजूला केलं.

दाई पळाली नाही. राणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तू? मला न्हाऊ-माखू घातलंस, आणि तूच?”

“ऐकत होते, खोटं कशाला बोलू?”

“कुणाला सांगतेस?”

“कुणाला सांगणार? मी वाट बघतेय. इतके कारखाने निवडलेत तुम्ही दोघांनी, पण रंगाऱ्यांच्या कारखान्याचं नाव अजून एकदाही निघालं नाही. माझी भाची आहे तिथे. आज निघेल, उद्या निघेल म्हणून येऊन उभी राहते.”

“तिथे पट्टे नाहीतच. मामांनी स्वतः जाऊन पाहिलंय.”

“मालकानं स्वतःचा कारखाना पाहिला, त्यात नवल काय?”

राणीनं मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मीही चरकलो. इतकी वर्षं मी माझ्या आड कोण उभं आहे हेच बघत बसलो होतो. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायला ज्याला कुणाची आडकाठी नव्हती, त्याला माझ्या आडोशाची गरजच काय होती?

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“मामा की दाई, असं विचारलं असतं तर तू कुणाचं खरं धरलं असतंस, बाळ?”

राणीनं खुर्चीवर चढून मला दांडीवरून खाली ओढलं. मी उन्हानं विटलो होतोच. “हा पडदा रंगवायला द्यायचाय,” ती म्हणाली. “चल.”

“अशी? उघड्या पंखांनी? लगेच ओळखतील.”

मग दाईनं मला बाजूला बांधायची दोरी काढली, राणीचे पंख मिटले आणि वरून दोरी आवळली. राणी कळवळली. “इतकं घट्ट बांधतात?”

“याहून घट्ट,” दाई म्हणाली आणि गाठ मारली.

दोघी बायका माझं गाठोडं डोक्यावर घेऊन भर दुपारी बाजारातून चालत गेल्या. कुणी मान वर करून बघितलं नाही. पट्ट्यातल्या परीकडे कोण बघतंय!

रंगाऱ्यांचा कारखाना नदीकाठी होता. खाली वाफाळणारे हौद, वर कापड वाळवायची उंच गच्ची. हौदात मांड्यांपर्यंत उतरून बायका कापड तुडवत होत्या. अंगात सैल सदरे, त्यामुळे लांबून पाठी सपाट दिसत. जवळ गेलं की कळे, सदऱ्याखाली पट्टा आहे.

मुकादमानं मला उलगडून बघितलं आणि नाक मुरडलं. “हा कुठल्या जन्मीचा? रंग धरायचा नाही.”

“बघा ना दादा काहीतरी,” राणी म्हणाली. आवाज जमला नव्हता, पण मुकादमाचं लक्ष नव्हतं. “आणि इथे तपासणी येते म्हणे, तेव्हा काम अडत नाही ना? आमचा पडदा अडकून पडायचा.”

मुकादम खो खो हसला. “तपासणी? बाई, राणीच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी आमच्या मालकांचा माणूस इथे पोचतो. आमची तर पाळीच यायची नाही. मालकच नावं सुचवतात!”

राणीनं त्याच्या कमरेची कापडकात्री उपसून घेतली. आधी पाठीमागे हात नेऊन स्वतःची दोरी कापली. तिचे पंख खाडकन उघडले आणि मुकादम तिथेच मटकन बसला. मग ती हौदात उतरली. एकेक सदरा वर, एकेक पट्टा कचकन खाली. हौदाच्या निळ्या पाण्यावर पट्टे तरंगू लागले. कुणी रडत होतं, कुणी पाठ खाजवत होतं. बराच वेळ सगळ्या जणी नुसत्या पाठच खाजवत होत्या.

दाईची भाची अंगानं भक्कम, चांगली पोक्त बाई. पट्टा सुटला तशी ती धावत जिना चढली आणि गच्चीच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली. हात निळे, पंखांची टोकं निळी.

“अगं खाली ये! मोडशील!” दाई ओरडली.

“मावशी, एकदाच!”

राणीनं मला उचललं. “धरा! कोपरे धरा!” एक कोपरा तिनं घेतला, एक दाईनं, एक हौदातून आलेल्या दोघींनी. चौथा तिनं मुकादमाच्या हातात कोंबला. “सोडलास तर याद राख.”

भाचीनं उडी घेतली. पंख एकदा फडफडले, दोनदा, आणि मग ती धान्याच्या पोत्यासारखी माझ्यावर आदळली. माझी एक शिवण टर्रकन उसवली. पण मी तिला जमिनीला लागू दिलं नाही. ती माझ्यात पालथी पडून इतकी हसली, इतकी हसली, की आम्हाला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग उठली आणि म्हणाली, “परत.”

संध्याकाळी मी महालात जमिनीवर पडलो होतो. मामा आले आणि उघड्या दाराशी थबकले.

“पडदा कुठे गेला?”

“फाटला. तुमच्या कारखान्यातल्या एका बाईला झेलताना.”

मामा सावकाश खाली बसले. “तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं,” ते म्हणाले. “हा महाल त्याच हौदांवर उभा आहे, बाळ. तुझे पहिले कपडेसुद्धा तिथेच रंगले. आणि मी तुला उडायला शिकवलं, ते विसरलीस?”

“नाही विसरले. म्हणून तर तुमच्यावर शंका घ्यायचं कधी सुचलं नाही.”

मामांचं प्रधानपद गेलं, कारखाना गेला. ते निघाले तेव्हा ती त्यांना वाटेला लावायला फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन दाईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. दिवे लावणाऱ्याला तिनं स्वतः घरी जाऊन परत बोलावलं. तो आला, पण पुन्हा तिच्याशी मोकळेपणानं बोलला नाही.

त्या दारावर तिनं नवा पडदा लावू दिला नाही. जे ठरायचं ते सगळ्यांसमोर ठरू लागलं. तपासनीसांना कुठे जायचं ते सकाळी भर चौकात, सगळ्यांदेखत सांगितलं जाई, आणि ते तिथूनच उडत निघत. मला शिवून, कडेनं जाड दोरखंड घालून गावाबाहेरच्या मैदानावर पाठवलं. पुढची सगळी वर्षं मी तिथे पडणाऱ्यांना झेलत आलो. राणी बरेचदा यायची आणि एक कोपरा धरायची.

लोक तिला ‘पाठ थोपटणारी राणी’ म्हणत. येईल त्याच्या, भेटेल त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. काय मायाळू बाई, म्हणून लोकांचे डोळे भरून यायचे. तो हात सदऱ्याखाली काय चाचपतोय, हे मला कळत होतं. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, तरी हात फिरवायची थांबली नाही. माया होती की संशय? दोन्ही एकाच हातात होतं, मला वेगळं करता आलं नाही.

ती गेली त्याला आता बराच काळ लोटला. अलीकडे मैदानाच्या कडेला काही भली माणसं उभी राहून बोलतात. कपडे झुळझुळीत, बोलणं साखरेचं. लहान मुलं पडतात, त्यांना लागतं, तेव्हा उडायला येईपर्यंत पंखांना एक मऊ रेशमी ‘आधार’ बांधावा, असं त्यांचं म्हणणं आहे. थोड्या दिवसांपुरताच, म्हणे. मी त्यांचे पाय बघितले. ते मैदानाकडे वळलेले नाहीत, कारखान्यांच्या रस्त्याकडे वळलेले आहेत.

मी जुना झालोय. ठिकठिकाणी ठिगळं आहेत, पण अजून एक पोर अलगद झेलीन एवढी ताकद आहे. समोर उंचवट्यावर एक चिमुरडी पंख पसरून उभी आहे. तीन कोपरे धरलेत. चौथा धरणारा मघापासून त्या भल्या माणसांचं बोलणं ऐकायला गेलाय.

अहो, तुम्ही. हो, तुम्हीच. पुढे या, हा कोपरा धरा. ती उडी घेतेय.