गडग्यावरचा घाना

विश्वंभर सरांनी श्रीवर्धनच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात आफ्रिकेच्या जुन्या राज्यांना मिळून जेमतेम चार ओळी होत्या. सर त्या चार ओळींना चार तास घेत. साहजिकच अभ्यासक्रम मागे पडे आणि जानेवारी उजाडला की युरोपातल्या क्रांत्या घोड्यावर बसून उरकाव्या लागत. मुलांची मात्र काही तक्रार नसे. अक्सुमच्या राजांनी स्वतःची नाणी कशी पाडली, किल्व्याच्या बंदरात आपल्याकडचं कापड आणि मणी कसे उतरायचे, हे सर अशा थाटात सांगत की जणू आदल्या संध्याकाळच्या एसटीनेच तिथून परतले आहेत.

पण त्यांचा खरा जीव घानाच्या राज्यावर. हजार वर्षांपूर्वीचं सोन्याचं राज्य. त्याच्या राजधानीत म्हणे दोन गावं होती. एक राजाचं, त्याच्याभोवती देवराई आणि तिच्यात जुने देव. दुसरं मुसलमान व्यापाऱ्यांचं, त्यात बारा मशिदी. दोहोंच्या मध्ये घरंच घरं, आणि राजाच्या दरबारात कारभारी बहुतेक त्या दुसऱ्या गावातले. हे सांगून झालं की सर खडू खाली ठेवत आणि मुक्या व्यापाराकडे वळत. मुलं त्याचीच वाट बघत असायची.

"मिठाचे व्यापारी नदीकाठी येत. मिठाच्या राशी मांडत, ढोल वाजवत आणि लांब निघून जात. मग सोनंवाले येत. प्रत्येक राशीशेजारी आपलं सोनं ठेवत आणि तेही लांब जात. मीठवाले परत येऊन बघत. पटलं तर सोनं उचलत आणि ढोल वाजवत, म्हणजे सौदा झाला. नाही पटलं तर काहीही न उचलता मागे सरत. मग सोनंवाल्यांनी समजायचं, अजून काही हवं आहे. एक शब्द नाही, तोंडाला तोंड नाही, आणि कुणी कुणाला फसवत नाही!"

इथे सर डस्टरने टेबल बडवत. मग नकाशापाशी जात आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जिथे घाना लिहिलंय तिथे छडी टेकवत, "इथे! बरोबर इथे!" चौतीस वर्षांत त्या जागेचा रंग उडून आतलं कापड दिसायला लागलं होतं.

आणि तीच जागा चुकीची होती.

ही चूक दाखवली करमअलीने. करमअली म्हणजे सरांचा शेजारी आणि पहिलीपासूनचा दोस्त. दोघांच्या सुपारीच्या वाड्या लागून, मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा. शाळा संपल्यावर विसू, म्हणजे आपले सर, पुण्याला शिकायला गेला आणि करम बोटीवर गेला, स्वयंपाकी म्हणून. तीस वर्षं मालबोटींवर डाळभात शिजवत त्याने निम्मी दुनिया पालथी घातली. निवृत्तीच्या वर्षी सरांना हौस आली की मुलांना खरोखर आफ्रिका पाहिलेला माणूस दाखवावा. स्वतः हाताला धरून त्यांनी करमला वर्गात नेलं.

करम बसला, कौतुकाने ऐकत राहिला आणि छडी नकाशावर टेकली तेव्हा सहज म्हणाला, "विसू, तिथं न्हाय रे. ह्यो नवा घाना. स्वतंत्र झाल्यावर जुन्याचं नाव घेतलं त्यांनी. जुना लांब वर, वाळवंटाच्या कडेला. आमच्या बोटीवर मालीचा खलाशी होता, त्याचं गाव तिथून दोन दिवसांवर. त्याचे लोक वगादू म्हणायचे त्याला."

वर्गातली पन्नास डोकी एकदम सरांकडे वळली. मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. सरांचा पारा चढला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बोटीवर कांदे सोलणाऱ्याने मला इतिहास शिकवू नये."

करम उठला. टोपी नीट केली. वर्गाला सलाम केला आणि निघून गेला. त्या दिवसापासून सात वर्षं दोघांचा अबोला.

सरांना आपली चूक महिन्याभरात कळली होती, हे आधीच सांगून टाकतो. माणगावच्या एका वाचनालयातून त्यांनी जाड पुस्तक आणलं, रात्रंदिवस चाळलं आणि मिटून ठेवलं. शाळेने जुना नकाशा टाकून दिला तो त्यांनी घरी आणला, लाल पेनाने वरती, वाळवंटाच्या कडेला, एक गोल काढला, गुंडाळी केली आणि माळ्यावर फेकली. माणूस विद्वान झाला म्हणून 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द काही त्याच्या तोंडातून सहज बाहेर पडत नाहीत. उलट जास्तच अडकतात.

आता अबोला पुरुषांचा. त्यांच्या बायका, गोदू आणि झुबेदा, विहिरीपाशी पूर्वीसारख्याच तासन् तास बोलत. आणि एक अडचण अशी झाली की भांडणाच्या दिवशी गोदूचं एक वाडगं करमअलीकडे होतं. स्टीलचं, गोदूचं नाव कोरलेलं. आदल्या दिवशी त्यातून फणसाचे गरे गेले होते. भांडण असो की काही असो, शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत. चौथ्या दिवशी वाडगं गडग्यावर आलं, त्यात खजूर. आता ते सरांकडून तरी रिकामं कसं जाणार? त्यात सुपाऱ्या गेल्या. उत्तरादाखल झुबेदाच्या हातची सांदणं आली. गणपतीत मोदक गेले, ईदला शेवया आल्या. सात वर्षं ते वाडगं एका जागी म्हणून टेकलं नाही.

वाडगं ठेवल्याचं कळायचं कसं? सर गडग्याशी उभे राहून रॉकेलचा जुना डबा बडवत. गोदूने विचारलं तर म्हणत, "वानरं आली होती नारळावर." थोड्या वेळाने पलीकडून डबा वाजे. वाडगं उचललं जाई. झुबेदाने विचारलं तर करमही म्हणे, "वानरं." सात वर्षांत त्या दोन वाड्यांत जेवढी वानरं आली तेवढी अख्ख्या तालुक्यात नसतील.

मे महिन्याच्या शेवटी गोदू विहिरीवरून आली ती पदराने डोळे पुसत. "मुसअब कुवेतहून कायमचा परत आलाय," ती म्हणाली. मुसअब हा करमअलीचा मुलगा. "पनवेलला जागा घेतलीन. आईबापांना घेऊन जातोय. करमभावोजींचे गुडघे गेले, झुबेदाभाभीला दिसत नाही नीट. एकटं ठेवणार नाही म्हणतो."

"कधी?"

"गुरुवारी."

"परत कधी येणार?"

"घराला कुलूप घालणार, अहो. आता काय परत येणं."

सर उठले. वाडगं त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते ताज्या आमसुलांनी काठोकाठ भरलं, वर ताटली झाकली, गडग्यावर ठेवलं आणि डबा वाजवला. तो रविवार होता. करम बाहेर आला, गडग्यापाशी थांबला, वाडग्याकडे बघितलं आणि न उचलता आत गेला.

सोमवारी सरांनी शेजारी रोठा सुपारी ठेवली, निवडून निवडून. करम आला, बघितलं, गेला. मंगळवारी चार शहाळी. तसंच. बुधवारी वेलची केळ्यांचा अख्खा घड. गडग्यावर वाण्याचं दुकान लागलं, मुंग्यांची रांग लागली, पण पलीकडून हात म्हणून पुढे येईना. सर कासावीस झाले. जेवण जाईना. सात वर्षांत ज्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते तो शेजारी नसणार, या विचाराने ते दिवसातून दहादा गडग्याशी जाऊन येत. रोज सकाळी पलीकडचं खोकणं ऐकून आपला दिवस सुरू होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"एवढं काय वाकडं केलं मी?" बुधवारी दुपारी ते गोदूवरच उखडले. "इतकी वर्षं सगळं उचललं, आता आमसुलं खुपतात?"

गोदू तांदूळ निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "माल पटला नाही की काय करतात ते लोक?"

"कोण लोक?"

"तुमचे. घानाचे. लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा पहिल्यांदा ऐकवलंत मला. मीठ मांडायचं, ढोल बडवायचा, लांब जायचं. सात वर्षं तुमच्या घरच्या गडग्यावर चाललंय ते, आणि इतिहासाच्या मास्तरांना पत्ता नाही."

 रॉकेलचा डबा दारामागे होता, सरांनी त्याच्याकडे बघितलं.

"न उचलता मागे सरायचं," गोदू पुढे म्हणाली, "म्हणजे अजून काही हवंय. नारळ-सुपारी तर त्यांच्याही वाडीत आहे. तुमच्याकडे दुसरं काय आहे ते बघा. माळा झाडताना मी बघितलाय तो लाल गोल."

गुरुवारी सकाळी सात वाजता सर नकाशाची गुंडाळी घेऊन बाहेर आले. पलीकडे अंगणात बोचकी बांधून ठेवलेली, मुसअब गाडी आणायला गेलेला. सरांनी आमसुलं-केळी बाजूला सारून नकाशा गडग्यावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. छडीने उडालेला रंग उन्हात स्पष्ट दिसत होता आणि त्याच्या वरती लाल गोल. गोलाखाली त्यांनी रात्री बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'करमअली यांनी सांगितल्याप्रमाणे.' त्यांनी डबा वाजवला आणि नियमाप्रमाणे लांब जाऊन विहिरीआड उभे राहिले.

करम आला. प्रवासाचा पांढरा सदरा, हातात काठी. त्याने चष्मा लावला, वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग चष्मा काढला, मागे वळला आणि काहीच न उचलता घरात गेला.

 आता सरांकडे मांडायला काहीच उरलं नव्हतं. राहता राहिली ती एकच गोष्ट, आणि ती गडग्यावर ठेवता येण्यासारखी नव्हती. नियम गेला खड्ड्यात म्हणत ते विहिरीआडून निघाले, अडखळत गडग्याशी आले आणि वर्गात ओरडायचे त्याहून मोठ्याने ओरडले, "करम! माझं चुकलं रे! घानाचंही चुकलं आणि कांद्याचंही चुकलं! सात वर्षं चुकलं!"

विहिरीपाशी गोदूच्या हातातून कळशी निसटली. पलीकडच्या दारात झुबेदा येऊन उभी राहिली. तिच्या मागून करम आला, घाईघाईने, काठी विसरून.

"वरडतोस कशाला?" तो म्हणाला. "सगळी आळी जमा होईल. पेन्सिल आणायला गेल्तो."

"पेन्सिल?"

"व्हय. अजून चुकलाय तुझा गोल. जरा डावीकडं पायजे." करमने वाकून लाल गोलाच्या डावीकडे एक छोटी फुली मारली. मग ती पेन्सिल तशीच धरून, मान खाली घालून तो म्हणाला, "इतकी वर्षं तुझं खाल्लं, विसू. पण जाताना ते आमसूल मला उचलवंना. वाटलं, ह्ये घेतलं की संपलं. तू न बोलता ऱ्हायचास आनि मी पन."

सरांनी गडग्यावरून हात पुढे करून त्याचा हात धरला. पेन्सिलीसकट. दोघंही रडत होते आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती.

मुसअबची गाडी आली तेव्हा दोघं गडग्यावर कोपरं टेकून वाद घालत होते. मुका व्यापार खरंच झाला की ती प्रवाशांनी एकमेकांचं ऐकून सांगितलेली गोष्ट, यावर. करमचं म्हणणं, त्याच्या खलाशाच्या मते शुद्ध थाप. सरांचं म्हणणं, सात वर्षांचा अनुभव आहे, थाप कशी म्हणतोस. दोन तासांत सात वर्षांचं बोलणं उरकायचं म्हणजे एकाने थांबून चालत नाही.

बोचकी गाडीत गेली. केळी, सुपारी, शहाळी गेली. नकाशा करमने स्वतःच्या मांडीवर घेतला. शेवटी झुबेदाने आमसुलं पिशवीत ओतली आणि वाडगं पदराने पुसून गोदूकडे द्यायला हात पुढे केला. करमने गाडीच्या खिडकीतून तिचा हात अडवला.

"रिकामं देतेस?" तो म्हणाला. वाडगं त्याने आपल्या मांडीवर, नकाशावर ठेवलं. "वैनी, ऱ्हाऊ दे माझ्याकडं. भरून आणीन. झाडावरची सुपारी उतरायच्या आत येतो."

मुसअबने बापाकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

गाडी आळीतून वळली तेव्हा सर वाडीत परतले होते. त्यांनी दारामागचा डबा घेतला आणि गडग्याशी उभं राहून बडवायला सुरुवात केली. सौदा पटल्यावर बडवतात तसा. गाडी पार नाक्यापर्यंत जाईस्तोवर ते बडवत राहिले, आणि गोदूने त्या दिवशी वानरं कुठे आहेत म्हणून विचारलं नाही.